घरी बनवायचा हँडहेल्ड गेम कन्सोल: बटणांचे पीसीबी ऑर्डर करण्याआधी कुणी तपासून देईल का?

तिरकी_रेघ

नमस्कार मंडळी. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यूवर जुन्या गेम्ससाठी हातात धरायचा कन्सोल जुळवतोय. पडदा २.८ इंची, ३२० × २४०, आयएलआय९३४१ कंट्रोलरचा, एसपीआय या मोजक्या तारांच्या जोडणीवर चालणारा. आवाजाला मॅक्स९८३५७ए चा छोटा बोर्ड. सॉफ्टवेअर रेट्रोपाय ४.८. पडदा आणि आवाज टेबलावर पसरून जोडले तर नीट चालतात. घोडं अडलंय ते बटणांपाशी.

पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, असे दोन बोर्ड कायकॅडमध्ये, म्हणजे सर्किट बोर्ड (पीसीबी) आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये, काढलेत. डावीकडे चार दिशा, सिलेक्ट आणि एल. उजवीकडे ए, बी, एक्स, वाय, स्टार्ट आणि आर. बटणं आणि रबर जुन्या कंट्रोलरसाठी सुटे मिळतात तसले, म्हणजे खाली काळ्या कार्बनच्या गोळ्या असलेले. बोर्ड १ मिमी जाड, दोन थरांचा, फिनिश साधं टिनचं. प्रत्येक बटणाखाली ५ मिमी व्यासाचं गोल पॅड, मधोमध कापून दोन अर्धचंद्र, मधली फट ०.८ मिमी. एक अर्धा ग्राउंडला, दुसरा पिनला. शिवाय दर पिनेला बोर्डावरच ४.७ किलोओहमचा पुल-अप, म्हणजे बटण दाबलेलं नसताना पिन ३.३ व्होल्टला ओढून धरणारा रेझिस्टर.

पायच्या सिग्नलच्या पिनांचे, म्हणजे जीपीआयओचे, क्रमांक असे धरलेत: वर २, खाली ३, डावं ४, उजवं १७, ए २७, बी २२, एक्स ५, वाय ६, एल १३, आर २६, स्टार्ट २०, सिलेक्ट १६, पॉवरचं बटण २३. पडद्याला ८, १०, ११, २४, २५. आवाजाला १८, १९, २१. बॅकलाइट थेट ३.३ व्होल्टवर, कायम चालू.

हे असंच पाठवू की मॅट्रिक्स करू, म्हणजे बटणं ओळी-रकान्यांत मांडून पिना वाचवू? मधे वेगळा मायक्रोकंट्रोलर टाकण्यात काही अर्थ आहे का? आणि पॅडचा आकार बरोबर आहे का? तो मी निव्वळ अंदाजाने काढलाय.

पिनमोजणी

मॅट्रिक्स नको. १२ बटणं ३ × ४ मध्ये मांडली तर ७ पिनांत भागतं खरं, पण मग प्रत्येक बटणाला एक १एन४१४८ डायोड लावावाच लागतो. डायोड नसतील आणि एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली गेली, की चौथं न दाबताही दाबल्यासारखं दिसतं. टायपिंगमध्ये असं क्वचित होतं. गेममध्ये "उजवीकडे पळत पळत उडी" म्हणजे तीन बटणं एकदम, आणि तेही सतत. तुमच्याकडे पिना पुरताहेत, तेव्हा एक बटण एक पिन ठेवा. मायक्रोकंट्रोलरही या पडद्याला लागत नाही.

पिनांच्या यादीत मात्र तीन चुका आहेत.

पहिली, जीपीआयओ २ आणि ३. या दोन पिना आयटूसीच्या (इतर चिप जोडायच्या दोन तारांच्या) असल्याने पायच्या बोर्डावरच त्यांना १.८ किलोओहमचे पुल-अप कायमचे जोडलेले आहेत, सॉफ्टवेअरमधून ते काढता येत नाहीत. कार्बनची गोळी म्हणजे स्विच नव्हे, दाबावर बदलणारा रेझिस्टर आहे, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. नवी गोळी घट्ट दाबली की १०० ते २०० ओहम देते, तेव्हा पिनेवर ०.३ व्होल्टच्या आसपास येतात आणि सगळं छान चालतं. हलकं दाबलं, गोळी झिजली किंवा पॅड मळलं की हाच आकडा १ किलोओहमवर जातो. मग ३.३ × १ ÷ २.८ म्हणजे १.१८ व्होल्ट. पायला "शून्य" कळायला ०.८ च्या खाली यावं लागतं. परिणाम असा की वर आणि खाली ही दोनच बटणं काही महिन्यांनी दगा देतील आणि तुम्ही रबर बदलत बसाल.

दुसरी चूक याच हिशेबातली: ४.७ किलोओहमचे पुल-अप काढून टाका. गोळी २ किलोओहमवर गेली तर तिथेही ०.९८ व्होल्ट राहतात. पायचा आतला पुल-अप साधारण ५० किलोओहमचा आहे. त्याच्यावर गोळी ५ किलोओहमची झाली तरी पिनेवर ०.३ व्होल्टच येतील. इथे कमकुवत पुल-अपच चांगला. फार गोंगाट जाणवला तर बाहेरून १० किलोओहम लावा, त्याच्या खाली उतरू नका. पुल-अप गेले की बटणांच्या बोर्डावर ३.३ व्होल्ट न्यायचं कारणच उरत नाही, फक्त ग्राउंड आणि सहा तारा. रिबन चुकून उलटी लागली तरी काही जळणार नाही, बटणांची अदलाबदल होईल एवढंच.

तिसरी, जीपीआयओ २०. आवाजाला १८, १९, २१ एवढ्याच तारा लागतात हे बरोबर, पण आयटूएस, म्हणजे डिजिटल आवाजाची जोडणी, सुरू केल्यावर ड्रायव्हर १८ ते २१ असा अख्खा गट ताब्यात घेतो. २० वर बटण ठेवलंत तर ते मुकं राहील, नाहीतर कर्नल त्या पिनेवरून कुरकुर करेल.

म्हणून असं करा: वर १२, खाली २३, स्टार्ट १५, बाकीची तुमची आहेत तिथेच. १५ ही सिरीयलची ऐकायची पिन आहे, तेव्हा रास्पी-कॉन्फिगमध्ये जाऊन सिरीयल कन्सोल बंद करा. १४ मुद्दाम टाळली. तो कन्सोल चुकून चालू राहिला तर १४ आउटपुट म्हणून ३.३ व्होल्ट देत असते आणि बटण दाबलं की ती थेट ग्राउंडला शॉर्ट होते. याच धास्तीने प्रत्येक तारेत पायच्या बाजूला ३३० ओहमचा रेझिस्टर मालिकेत टाकतात. तेवढ्याने प्रवाह १० मिलिअँपिअरवर अडतो आणि बटणाच्या वाचनावर काही फरक पडत नाही.

पॉवरचं बटण मात्र ३ वरच घ्या. पाय हॉल्ट झालेला (शटडाउन होऊनही वीज जोडलेली) असताना ३ ग्राउंडला टेकवली की तो पुन्हा बूट होतो, ही सोय दुसऱ्या कुठल्याही पिनेला नाही. जीपीआयओ-शटडाउन ओव्हरलेही (ओव्हरले म्हणजे कॉन्फिग फाइलमधून चालू करायची तयार सेटिंग) न सांगता ३ च धरतं. इथे कार्बनची गोळी नको, साधा टॅक्ट स्विच (टिक वाजणारं, धातूच्या संपर्काचं छोटं बटण) लावा, म्हणजे १.८ किलोओहमचा प्रश्न येत नाही. आणि बॅटरीच्या वाटेवर सरकता स्विच तरीही हवाच, कारण हॉल्ट झालेला पाय आणि ५ व्होल्टचा बूस्ट कन्व्हर्टर दोघे थोडा थोडा प्रवाह पीतच राहतात.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक बटणाला जीपीआयओ-की ओव्हरलेची एक ओळ: पिन क्रमांक, ॲक्टिव्ह-लो १, पुल अप, आणि कीकोड. कोड कीबोर्डचेच द्या, गेमपॅडचे नको. हे ओव्हरले दर ओळीला एक वेगळं इनपुट उपकरण तयार करतं. कीबोर्डच्या कोडने ती बारा उपकरणं मिळून एकच कीबोर्ड असल्यासारखी वागतात, गेमपॅडच्या कोडने मात्र एकेका बटणाचे बारा गेमपॅड जोडल्यासारखं होतं. कोड हे घ्या: वर १०३, खाली १०८, डावं १०५, उजवं १०६, ए ४५, बी ४४, एक्स ३१, वाय ३०, एल १६, आर १७, स्टार्ट २८, सिलेक्ट ५४. हे रेट्रोआर्चच्या (रेट्रोपायमधला गेम चालवणारा भाग) मूळ कीबोर्ड मांडणीशी जुळतात, त्यामुळे तिथे वेगळं मॅपिंग करावं लागत नाही. हॉटकीचं (दुसऱ्या बटणासोबत दाबून मेनू वगैरे उघडायचं) वेगळं बटणही नको, सिलेक्टच ते काम करतं.

कार्बनगोळी

पिनांचं वर आलंच आहे, मी पॅडवर बोलतो. खरं तर हा बोर्ड तिथेच फसणार आहे.

अर्धचंद्राचं पॅड आणि ०.८ ची फट नको. गोळी कधीच सपाट उतरत नाही, आधी तिची एक कड टेकते. ती कड एकाच अर्ध्यावर टेकली तर बटण अर्धं दाबूनही काही होत नाही आणि मग अचानक लागतं. बोटात बोटं अडकवल्यासारखी, म्हणजे दोन कंगवे समोरासमोर घुसवल्यासारखी रचना करा: प्रत्येक पट्टी ०.३ मिमी, मधली फट ०.३ मिमी. मग गोळी कुठूनही टेको, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या तिला सापडतातच. कायकॅडमध्ये हे एकदा फूटप्रिंट म्हणून करून ठेवलं की बाराही ठिकाणी तेच वापरता येतं.

व्यास गोळी मोजून ठरवा. कॅलिपरने गोळीचा व्यास घ्या आणि पॅड त्याहून दीड-दोन मिमी मोठं करा. गोळी ५ ची असेल तर पॅड ७ चं. रबर बॉडीत थोडं सरकतंच, थ्रीडी प्रिंट असेल तर जास्तच.

सोल्डर मास्क, म्हणजे बोर्डावरचा रंगीत लेप, पॅडच्या संपूर्ण वर्तुळावरून काढा, म्हणजे पट्ट्यांच्या मधल्या फटींतूनही. नुसत्या पट्ट्या उघड्या ठेवून मधे मास्क राहू दिला तर मास्कचा थर तांब्याहून किंचित वर येतो आणि गोळी त्याच्यावरच तरंगते. ही चूक पडद्यावर दिसत नाही, कारण कायकॅड प्रत्येक पॅडला आपापलं ओपनिंग देतं आणि सगळं ठीकच वाटतं. मास्कच्या थरावर एक अख्खं वर्तुळ हाताने काढा. वर्तुळाच्या आत व्हिया (दोन थर जोडणारं छिद्र) नको, पट्टी बाहेर नेऊन मग खालच्या थरावर उतरा.

फिनिश टिनचं घेऊ नका. गरम हवेने सारखं केलेलं टिन सपाट नसतं, त्याला उंचवटे येतात. वर ते काळवंडतं आणि गोळी घासून घासून मऊ टिनची भुकटी करते. निकेलवर सोन्याचा मुलामा असतो तो घ्या, ज्याला सगळे एनिग म्हणतात. त्यातला सोन्याचा थर अगदी पातळ, ०.०५ मायक्रॉनच्या आसपास, पण रबराच्या गोळीला तो पुरतो. कारखान्यातल्या जुन्या कंट्रोलरांत पॅडवर कार्बनची काळी शाई छापलेली दिसते, ते सगळ्यांत टिकाऊ. कमी नगांच्या ऑर्डरला ती सहसा मिळत नाही, म्हणून एनिग.

आता हवा. याकडे कुणाचं लक्ष जात नाही. रबराचा घुमट दाबला की आतली हवा कुठेतरी जायला हवी. रबराच्या तळाला बारीक चर असतात ते त्यासाठीच. रबर बोर्डावर दोन बाजूंच्या टेपने चिकटवलं, किंवा बॉडीने ते चारी बाजूंनी फार घट्ट आवळलं, की चर बंद होतात. मग बटण दाबताना जड लागतं आणि सोडल्यावर चोखून धरल्यासारखं हळू वर येतं. घुमटाच्या आत पण पट्ट्यांच्या बाहेर १ मिमीचं एक भोक बोर्डात आधीच ठेवा. छिद्राला पैसे पडत नाहीत.

बोर्ड १ मिमीचा चालेल, पण पाठीमागून आधार हवा. ए-बीच्या मधोमध मागच्या बॉडीतून एक खांब काढा, जो बोर्डाला नुसता टेकेल. स्क्रू फक्त चार कोपऱ्यांत असले तर जोरात दाबल्यावर बोर्ड मागे वाकतो आणि गोळीची हालचाल त्या वाकण्यातच संपते. जागा असेल तर सरळ १.६ मिमी घ्या. स्क्रू एम२ चे, भोक २.२ मिमी.

रिबनसाठी १ मिमी अंतराची ८ पिनांची सपाट केबल सांगेन, ०.५ ची नको. ०.५ हाताने सोल्डर होते पण शेजारच्या पिनांत सोल्डरचे पूल पडतात आणि कनेक्टरच्या आत फ्लक्स जातो. सहा सिग्नल मधे, दोन्ही टोकांना ग्राउंड. केबल घेताना संपर्क दोन्ही टोकांना एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना, हे कनेक्टरच्या तोंडाशी ताडून बघा. चुकलं तर तांबं कनेक्टरच्या चुकीच्या अंगाला येतं आणि काहीच लागत नाही. दोन्ही अंगांनी संपर्क घेणारा कनेक्टर असला तर लागतं, पण क्रम उलटा होतो.

ऑर्डरआधी शेवटचं काम: बोर्डाची बाह्यरेषा, भोकं आणि पॅड कागदावर शंभर टक्के मापाने छापा, पुठ्ठ्याला चिकटवा, कापा आणि बॉडीत बसवून बघा. कागदावर ५० मिमीची एक रेघही छापा आणि ती मोजा, कारण प्रिंटर पानात बसवण्याच्या नादात माप गुपचूप कमी करतो.

टिकटिक

रबराच्या बाजूने सगळेच बोलताहेत, म्हणून दुसरी बाजू. ६ × ६ मिमीचा टॅक्ट स्विच लावला तर पॅड, फिनिश, हवा, गोळीचा रोध हे सगळे प्रश्न एका फटक्यात जातात. टिनचं फिनिश चालतं. रोध जवळजवळ शून्य, म्हणून पुल-अप कुठलाही चालतो. पहिलाच बोर्ड असेल तर हा मार्ग सोपा आहे.

मात्र दोन-तीन गोष्टी सांभाळा. स्विचची हालचाल फक्त ०.२५ मिमी असते, म्हणून उंचीचा हिशेब काटेकोर हवा. बटणाचा तळ आणि स्विचचं टोक यांत ०.१ ते ०.२ मिमी मोकळं राहिलं पाहिजे. शून्य राहिलं तर स्क्रू आवळल्यावर बटण कायमचं दाबलेलं, ०.५ राहिलं तर बटण खुळखुळतं. प्रिंटचा थरच ०.२ चा असतो, तेव्हा एक-दोन प्रिंट वाया जाणार हे धरून चाला. जोर १६० ग्रॅमचा घ्या, २६० चा घेतला तर अर्ध्या तासात अंगठा बोलायला लागतो.

दिशांच्या अधिकाच्या चिन्हाखाली चार टॅक्ट ठेवले तर मधोमध टेकू अत्यावश्यक आहे. रबर तेवढं सांभाळून घेतं, टॅक्ट घेत नाही.

सोल्डर झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून घासू नका. अल्कोहोल विरघळलेला फ्लक्स घेऊन स्विचच्या आत शिरतं, उडून जातं आणि फ्लक्स आत ठेवून जातं. दुसऱ्या दिवशी निम्मे स्विच चिकट. धुवायचं असेल तर आधी रेझिस्टर आणि कनेक्टर लावून धुवा, स्विच शेवटी लावा आणि त्यांचे पाय नुसते कापसाने पुसा.

कार्बनगोळी

टॅक्टचा आवाज विसरलात. शांत खोलीत ए बटण बडवून बघा. एल आणि आर साठी मात्र मीही टॅक्टच म्हणेन, आडवे, बोर्डाच्या कडेला बसणारे. ज्यांना सोल्डरच्या पायांखेरीज बोर्डात घुसणारे दोन धातूचे कान असतात तेच घ्या. नुसत्या पृष्ठभागावर सोल्डर होणारे घेतलेत तर खांद्याच्या बटणावर पडणारा तिरका जोर एक दिवस तांब्याचं पॅडच उपटून काढतो.

डायोड_उलटा

यालाच जोडून विचारतो. ६४० × ४८० चा पडदा डीपीआयवर (रंगाच्या प्रत्येक बिटाला वेगळी पिन घेणारी जोडणी) लावायचा असेल तर? जुन्या १६० × १४४ च्या गेम्स त्यावर बरोबर तिप्पट, ४८० × ४३२, बसतात, म्हणून मोह होतोय. तेव्हाही एक बटण एक पिनच का?

पिनमोजणी

तेव्हा नाही. १८ बिटांचं डीपीआय जीपीआयओ ० ते २१ खाऊन टाकतं. उरतात २२ ते २७, म्हणजे सहा. आयटूसीच्या २ आणि ३ गेल्या, आवाजाच्या १८ ते २१ ही गेल्या. इथे बटणांसाठी आरपी२०४० या मायक्रोकंट्रोलरचा छोटा बोर्ड आणि त्यावर जीपी२०४०-सीई हे फर्मवेअर, हाच सरळ मार्ग. बोर्डावरचं बूटसेल बटण दाबून जोडायचं, फर्मवेअरची यूएफटू फाइल त्यावर टाकायची. पुढे स्टार्ट दाबून ठेवून जोडलं की ब्राउझरमधून कुठली पिन कुठलं बटण ते ठरवता येतं. पायला ते यूएसबी गेमपॅड म्हणून दिसतं.

पाय झीरोला यूएसबी एकच, त्यात आवाजही यूएसबीवर गेला तर लहानसा हब घालावा लागेल. तारा पायच्या पाठीवरच्या यूएसबी डेटाच्या टेस्ट पॅडला सोल्डर करतात: दोन्ही सारख्या लांबीच्या, एकमेकींना पीळ दिलेल्या आणि आखूड. सॉकेट न वापरल्याने ओटीजीची, म्हणजे आपण यजमान (होस्ट) व्हायचं याची, खूण पायला मिळत नाही, म्हणून कॉन्फिगमध्ये डीडब्ल्यूसी२ ओव्हरलेला होस्ट मोड सांगावा लागतो. हे राहिलं तर सगळं बरोबर सोल्डर होऊनही यूएसबीवर काहीच दिसत नाही.

एमसीपी२३०१७ सारखा पिना वाढवणारा एक्सपांडर घ्यायचा विचार असेल तर त्याच्या सोळा पिनांतल्या जीपीए७ आणि जीपीबी७ या दोन बटणांना देऊ नका. नव्या डेटाशीटमध्ये त्या फक्त आउटपुट म्हणून दिल्या आहेत. म्हणजे बटणं चौदाच.

तिरकी_रेघ

सगळ्यांचे आभार. पुल-अप काढले, पिना बदलल्या, पॅड ७ मिमीचे कंगव्यासारखे केले, एनिग घेतलं, एल-आरला कान असलेले टॅक्ट. बोर्ड आले, जोडले, बाराही बटणं ओळखली जाताहेत. तीन तक्रारी उरल्यात.

उजवं दाबलं की अधूनमधून वरही लागतं, उलट कधी होत नाही. बी हळू वर येतं. आणि ए भराभर दाबलं तर दहातले एक-दोन दाब हुकतात, सावकाश दाबलं तर एकही नाही. हवेची भोकं ठेवायची राहून गेली, ते कबूल. रबर जागेवरून हलू नये म्हणून उजवीकडे कडेने पातळ टेप लावलीय.

कार्बनगोळी

बीचं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. टेप काढा. रबर जागेवर धरायला टेप लागतच नाही, बॉडीच्या आतल्या दोन लहान खुंट्या रबराच्या भोकांत बसल्या की पुरे. टेप काढूनही हळू वाटलं तर १ मिमीच्या ड्रिलने हाताने फिरवत घुमटाच्या आत भोक पाडा. आधी बोर्ड उजेडासमोर धरून दोन्ही थरांवरचे ट्रॅक कुठून गेलेत ते बघा.

उजवं-वरचं नक्की कुठून येतंय ते ठरवायला अधिकाचं चिन्ह काढून टाका आणि पेन्सिलच्या मागच्या रबराने फक्त उजवा घुमट दाबा. शेजारी एव्हटेस्ट (दाबलेल्या बटणाचे कोड दाखवणारा प्रोग्राम) चालू ठेवा, म्हणजे कुठला कोड येतोय ते लगेच दिसेल. एकटा १०६ आला तर वायरिंग निर्दोष, दोष प्लास्टिकचा. १०३ ही आला तर वर आणि उजव्याच्या ट्रॅकमध्ये काहीतरी आहे. बहुधा रिबनच्या कनेक्टरपाशी सोल्डरचा केसाएवढा पूल किंवा न धुतलेला फ्लक्स.

माझी पैज प्लास्टिकवर. अधिकाच्या चिन्हाच्या पोटात मधोमध एक अर्धगोल टेकू लागतो, जो बोर्डावर किंवा रबराच्या मधल्या उंचवट्यावर टेकतो. १९८२ च्या गेम अँड वॉचमध्ये हे अधिकाचं बटण आलं तेव्हापासून मर्म तेच: एक टोक खाली गेलं की समोरचं वर उचललं गेलं पाहिजे. टेकू नसला तर अख्खं चिन्ह एकदम खाली बसतं, आणि ज्या घुमटाला सगळ्यांत कमी अंतर उरलंय तो आधी लागतो. तुमच्याकडे तो वरचा. टेकूची उंची हळूहळू वाढवा, दर वेळी ०.२ मिमी. फार उंच झाला तर तिरक्या दिशा लागेनाशा होतात. तिरकी दिशा सहज लागावी पण समोरासमोरची दोन कधीच एकदम लागू नयेत, तिथे थांबा. बॉडीतल्या भोकाची फटही बघा, चारी बाजूंना ०.३ मिमी पुरते. त्याहून जास्त असेल तर चिन्ह अंगठ्याबरोबर गोल फिरतं, आणि उजवं दाबताना वरच्या बाजूला झुकण्याचं तेही एक कारण.

पिनमोजणी

ए च्या हुकण्याला दोन संशयित. मल्टिमीटर पॅडच्या दोन बाजूंना लावा, पाय बंद ठेवून, आणि खेळताना दाबता तेवढ्याच जोराने दाबा. २००-३०० ओहमच्या आत आकडा स्थिर राहिला तर गोळी निर्दोष. हजारांत नाचत असेल तर पॅडवर बोटांचं तेल किंवा फ्लक्स आहे. अल्कोहोलने पॅड पुसा आणि गोळी नुसत्या कोरड्या कागदावर एकदा हलकी ओढा. सँडपेपर नको, कार्बनचा थर पातळ असतो.

आकडा चांगला असूनही हुकत असेल तर बोर्ड वाकतोय. मागचा खांब केलाय का? तुमच्या उत्तरात त्याचा उल्लेख दिसला नाही. सावकाश दाबताना आपण नकळत शेवटपर्यंत दाबतो, भराभर दाबताना अर्ध्यातून परततो, आणि त्या अर्ध्यातला काही भाग वाकण्यात जातो. तपासायला मागे जाड पुठ्ठ्याची घडी कोंबून बघा.

डिबाउन्सला, म्हणजे संपर्काची थरथर गाळायच्या वेळेला, हात लावू नका. कर्नलमधली मूळ वेळ ५ मिलिसेकंदांची आहे, साठ फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेमच १६.७ ची असते, त्यामुळे हुकण्याचं खापर तिच्यावर फुटत नाही.

तिरकी_रेघ

पेन्सिलने दाबल्यावर एकटा १०६ येतो, म्हणजे टेकूच. ०.६ मिमीला उजवं-वर थांबलं, ०.८ ला तिरकं जड जातंय, म्हणून ०.६ ठेवला. टेप काढल्यावर बी मोकळं झालं. ए चा रोध १५० च्या आसपास स्थिर आहे आणि पुठ्ठा कोंबल्यावर एकही दाब हुकला नाही. खांब खरंच नव्हता. मागची बॉडी पुन्हा छापायला लावतोय. खांब ए आणि बीच्या बरोबर मधे घेऊ की प्रत्येकाच्या मागे एकेक?

कार्बनगोळी

मधे एकच पुरे, पण गोल नको. दोन्ही बटणांच्या रेषेत ३ मिमी रुंद, १२-१५ मिमी लांब अशी भिंत काढा. बोर्डाच्या मागच्या बाजूला त्या जागी सोल्डरचे टोचे किंवा रेझिस्टर येत नाहीत ना ते आधी बघा, आणि भिंत बोर्डापासून ०.१ मिमी आखूड ठेवा. लांब झाली तर स्क्रू आवळताना बोर्ड पुढे फुगेल आणि बटणं दाबलेलीच राहतील.